टिपणीसबाईंचा कागद

टिपणीसबाई कॉम्प्युटरच्या स्क्रीनला कागद म्हणत. "वैशाली, आज कागद फार भगभगीत आहे गं," असं त्या सकाळी आल्या आल्या म्हणाल्या की मी हातातला चहा ठेवून त्यांच्या टेबलाकडे जाई. कागद थरथरतोय, कागद डोळ्यात घुसतोय, कागदाला ऊन लागतंय, अशा त्यांच्या सगळ्या तक्रारींचा अर्थ त्या ऑफिसात एकट्या मला कळत असे. एक तर तिथले कॉम्प्युटर मी सांभाळत होते. आणि दुसरं, त्यांच्याखेरीज मराठी समजणारी तिथे मी एकटीच होते. समजणारी म्हणजे आपली दिल्लीच्या मानाने. माझा जन्म करोल बागेतला. मराठी घरात बोलायची आणि बाहेर पडताना चपलेबरोबर हिंदी चढवायची, असा आमच्याकडचा रिवाज.

आमचं ऑफिस नोएडाच्या सेक्टर सहात, पंख्याची पाती बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. ते दिवस नव्या वस्तूंचे होते. आज नवा टीव्ही आला, उद्या वॉशिंग मशीन, परवा आपला बर्फ आपणच वितळवणारा फ्रिज. प्रत्येक खोक्यात घालायला दहा भाषांतली माहितीपुस्तिका लागायची आणि त्या पुस्तिका आम्ही करून द्यायचो. ज्यांच्या घरी अजून दगडावर कपडे धुतले जात होते अशी माणसं वॉशिंग मशीन कसं वापरावं हे साऱ्या देशाला आपापल्या भाषेत समजावत बसलेली असत. मराठीच्या खुर्चीत टिपणीसबाई होत्या. साताऱ्याहून लग्न होऊन दिल्लीत आलेल्या, तीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या. अंगाने ठेंगण्या. हिवाळ्यात साडीवर पुरुषी स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये त्या आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई, ज्यांना त्या वन्सं म्हणत, अशा दोघी राहत.

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला चुकांचा राग असतो असा माझा समज होता. बाईंना चुकांची ओढ होती. बिनचुकीचं पान हातात आलं की त्या जराशा हिरमुसत. "अक्षर ओळखलं म्हणजे वाचलं असं नव्हे," त्या म्हणत, "चूक ओळखली म्हणजे वाचलं." एकदा एका मिक्सरच्या पुस्तिकेत आमच्या हिंदी ऑपरेटरच्या हातून 'भांडे' या शब्दावरचा अनुस्वार पहिल्यापासून शेवटपर्यंत गळाला. 'भाडे घट्ट बसवल्याशिवाय मिक्सर चालू करू नये. वापरानंतर भाडे लगेच धुऊन पालथे घालावे.' बाई ते पान घेऊन थेट मालकांच्या, म्हणजे सूदसाहेबांच्या, खोलीत गेल्या. सूदसाहेबांना घाई होती. "टिपनिस जी, एक बिंदी से क्या फर्क पड़ता है?" ते म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "फर्क कुछ नहीं. बस, आप औरतों को मिक्सर में किराया पीसने को बोल रहे हो." सूदसाहेब नंतर कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला हा किस्सा सांगत होते, आणि बाईंच्या सहीशिवाय मराठीचं पान छापायला जाऊ नये असा हुकूमही त्यांनी काढला.

तर अशा या बाईंवर एक दिवस पंचाईत आली. कागदावर मुद्रितं काढणं सूदसाहेबांनी बंद केलं. ज्याने त्याने स्क्रीनवर वाचायचं आणि तिथेच दुरुस्त करायचं. बाकीच्या भाषांची मंडळी तरुण होती, त्यांना गंमत वाटली. बाईंनी साठी केव्हाच ओलांडली होती आणि कॉम्प्युटरला त्यांनी तोवर हातही लावला नव्हता. आता ही म्हातारी घरी बसणार, असं ऑफिसात सगळ्यांनी धरून चाललं होतं. मला त्यांनी जिन्यात गाठलं आणि विचारलं, "त्या डब्यात अक्षरं तीच असतात ना?" मी म्हटलं, "बिल्कुल तीच." "मग कागद बदलला, एवढंच," त्या म्हणाल्या. तेव्हापासून स्क्रीन हा कागद झाला तो झालाच.

नवे मॉनिटर आले, अकरा. लोकांनी हाताला लागेल तो उचलला. बाईंनी मला सगळे ओळीने मांडून सुरू करायला लावले आणि मंडईत वांगी निवडावीत तशा त्या पाठीमागे हात बांधून त्यांच्यासमोरून फिरल्या. प्रत्येकावर मी एकच ओळ लिहायची: घ ध, म भ, प ष, य थ, ब व. या जोड्यांना त्या जावा-जावा म्हणत. लांबून सारख्या दिसतात, पण एकीच्या जागी दुसरी गेली की घरात गोंधळ. म्हातारे डोळे फसतात ते इथे. ज्या कागदावर जावा सरळ वेगळ्या दिसतील तो चांगला, मग तो केवढाही असो. सगळ्यांचा डोळा मोठ्या सतरा इंचीवर होता. बाईंनी तो बाद केला, कारण त्याच्यावर 'घ'चा वरचा वळसा मिटल्यासारखा दिसत होता. कोपऱ्यातल्या एका साध्या मॉनिटरपुढे त्या थांबल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "हा माझा." त्यानंतर आजपर्यंत मी शेकडो स्क्रीन निवडले असतील, पण याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

निवडून झालं, तरी खरी झटापट पुढेच होती. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर काळी अक्षरं त्यांना सोसेनात, म्हणून मी पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळत गेले, थेट जुन्या पुस्तकाचा रंग येईपर्यंत. पडदा लुकलुकतो असं त्या म्हणत आणि बाकीचे हसत. पण त्या समोर बघून नव्हे, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून सांगत. मी पडदा उजळायचा सेकंदाला साठाचा वेग पंचाऐंशीवर नेला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता निजला कागद." उजेडाचं बटण दिवसातून तीनदा फिरवायचा त्यांचा नेमच होता. "खोलीत जेवढा उजेड, तेवढाच कागदात. जास्त झाला की तो दिवा होतो, कागद राहत नाही." हे वाक्य मी पुढे किती जणांना ऐकवलं असेल.

नोएडा तेव्हा अर्धं बांधलेलं होतं आणि अर्धं हवेत उडत होतं. खिडक्या बंद ठेवल्या तरी दुपारपर्यंत काचेवर धूळ बसायची, आणि काचेवरचा कण नेमका एखाद्या अक्षराच्या डोक्यावर बसला की त्याचा अनुस्वार व्हायचा. बाईंनी त्यावर तोड काढली होती. त्या ओळ एक घर वर सरकवत. ठिपका ओळीबरोबर चालला तर तो अक्षराचा, जागच्या जागी राहिला तर धुळीचा. मग पदराने पुसून टाकत.

तिरिपेची गोष्ट सांगितली नाही तर माझ्यावर पक्षपाताचा आरोप येईल. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "सकाळी कागदावर तिरीप येते गं. खिडकीला काहीतरी कर." तिरीप हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. विचारायची लाज वाटली. मी माझ्या डोक्याने अर्थ लावला आणि खालच्या कारखान्यातून निळं जाडजूड तिरपाल मागवून आख्ख्या खिडकीवर ठोकून घेतलं. ऑफिसात काळोख झाला. टेंपोवर घालतात तसलं ते ताडपत्रीचं धूड बघून बाई खुर्चीतच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, तिरीप म्हणजे उन्हाची तिरकी रेघ. तू तर सूर्यच गुंडाळलास." मग त्यांनी टेबलच काटकोनात फिरवून घेतलं, खिडकी समोर नाही आणि पाठीशीही नाही, एका अंगाला. तिरीप गेली.

त्या दिवसापासून डब्याच्या सुट्टीत मला रोज एक शब्द मिळू लागला. माझ्या दिल्लीच्या मराठीत सगळ्याला एकच शब्द होता, लाइट. बाईंच्याकडे उजेड होता, झोत होता, कवडसा होता, मिणमिण होती, लख्ख होतं, भगभगीत होतं, अंधुक निराळं आणि अंधारं निराळं. थालीपिठाचा तुकडा माझ्या डब्यात टाकत त्या म्हणत, "दिसायला लागतं ते शब्दाने, वैशाली. नाव नाही ते दिसत नाही."

आणि मानेचं दुखणं. बाईंच्या चष्म्यात दोन भाग होते, वरचा लांबचं बघायला आणि खालचा वाचायला. स्क्रीन तर समोर उभा. खालच्या काचेतून समोरचं बघायचं म्हणजे हनुवटी वर करायची. दिवसभर त्या दाढी करून घेणाऱ्या माणसासारख्या मान वर करून बसत आणि संध्याकाळी मानेला हात लावू देत नसत. सगळ्यांनी मॉनिटर उंच करून देण्याचा सल्ला दिला. मीही दोन जाड टेलिफोन डिरेक्टऱ्या खाली सारल्या. आणखीच बिघडलं. बाईंनी चार दिवस तसेच काढले. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "माणूस वाचताना मान खाली घालतो. पोथी कोणी कधी भिंतीला टांगून वाचली आहे का? माझा कागद खाली घे." म्हणजे किती खाली? टेबलाच्याही खाली. शेवटी भंगेल गावातून रामसरन नावाचे मिस्त्री आले. त्यांनी टेबलाला चौकोनी भोक पाडलं, आत फळी ठोकली आणि तिच्यावर मॉनिटर जरा मागे रेलून बसवला. सूदसाहेब पाहायला आले. "टिपनिस जी, ये टेबल है या कुआँ?" बाईंनी वरही बघितलं नाही. त्या मान खाली घालून वाचत होत्या, आणि पहिल्या तासाभरात त्यांनी सात चुका काढल्या.

त्यानंतरची तीन वर्षं मला अजून हवीशी वाटतात. मोठं काही घडलं नाही. सकाळी चार्टर्ड बसमधून बाई उतरायच्या, विहिरीवर वाकल्यासारख्या आपल्या टेबलावर वाकायच्या, आणि मधूनच स्वतःशी "सापडलीस" असं पुटपुटायच्या. मी माझ्या जागेवरून ते ऐकायची आणि माझा दिवस सरळ चाललाय असं मला वाटायचं. तसं वाटायला लावणारं माणूस पुन्हा माझ्या ऑफिसात आलं नाही.

चौथ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, त्या म्हणाल्या, "वैशाली, कागद मधोमध खचलाय गं."

तेव्हाच्या त्या बोजड मॉनिटरांमध्ये हे व्हायचं. चौकटीच्या कडा आत ओढल्या जायच्या, ओळी कमानदार दिसायच्या, आणि ते ताळ्यावर आणायला बटणं असायची. मी पडद्यावर फूटपट्टी धरून चौकट सरळ केली. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "पुन्हा खचला." मी परत सरळ केली. आता माझ्या डोळ्यांना ओळ सरळ दिसायची आणि त्यांना वाकडी, पण बाईंच्या नजरेपुढे आपली ती काय, असं मी धरून चालले होते. पडद्याचं थरथरणं तरी आधी कोणाला दिसलं होतं? मी मॉनिटर बदलला. मग दुसरा. तिसरा दिल्लीहून नवाकोरा मागवला. प्रत्येक वेळी बाई जावा-जावांची ओळ लिहायला लावत, बघत, आणि हळूच म्हणत, "नाही गं. इथेही मधली अक्षरं बुडतायत." मी म्हणायची, "बाई, काळजी नका करू, मी आहे ना." असं चार महिने चाललं. आता आठवतं की त्या काळात त्या वाचताना उजवा तळहात गालाला लावून बसत आणि बोटं नकळत डोळ्यावर जात. ते मी रोज बघत होते. त्याला नाव नव्हतं, म्हणून मला दिसलं नाही.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाची बस दर जानेवारीत पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाई. बाई आणि वन्सं कधी चुकवत नसत. बसवर लावायचा कापडी फलक एक हिंदी पेंटर रंगवी, आणि तो दर वर्षी काही ना काही चुके. बाई बसमध्ये पाय ठेवायच्या आधी त्याची झडती घेत आणि पर्समधल्या काळ्या पेनाने तो दुरुस्त करत. तोवर बस हलत नसे, मंडळाच्या लोकांना त्याची सवय होती. त्या वर्षी फलकावर लिहिलं होतं, 'पानिपतच्या विरांना वंदन'. 'वीर'ची वेलांटी ऱ्हस्व. एवढं तर मलाही आता कळत होतं. मी बाईंच्या पेनाची वाट पाहत उभी राहिले. बाईंनी मान वर केली, फलकाकडे पाहिलं, "छान रंगवलाय यंदा," म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

काला अंबला फुलं वाहून झाल्यावर बायकांची पावलं नेहमीप्रमाणे हातमागाच्या दुकानाकडे वळली. दुकानदाराने एक मोठी चौकड्यांची चादर झटकून समोर पसरली, पांढऱ्यावर निळ्या रेघा, उभ्या-आडव्या. बाई वाकल्या आणि म्हणाल्या, "भैया, ये बीच में से खचा हुआ है." दुकानदार दुखावला. "माताजी, बाल बराबर फर्क नहीं मिलेगा," म्हणत त्याने लाकडी गज आणून रेघेवर ठेवला. गजाला लागून रेघ सुतासारखी सरळ होती. वन्सं ऐंशीला टेकलेल्या. त्यांची नजर घारीची, पण देवळाची पाटी वाचण्यापलीकडे त्यांनी अक्षराला कधी त्रास दिला नव्हता. दात आहेत तिथे चणे नाहीत म्हणतात ते हेच. त्या म्हणाल्या, "काय खचलंय गं? सरळ तर आहे सगळं." बाईंनी आधी एका डोळ्यावर पदर धरला, मग दुसऱ्यावर. मग त्यांनी चादरीची घडी आपल्या हाताने घातली, अगदी कडेला कड लावून, आणि दुकानदाराला म्हणाल्या, "अच्छी है. माफ करना."

परतीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. सोनिपत मागे पडलं. मग खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं, "माझा कागद सरळच होता का गं?"

"हो बाई."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला. धीर द्यायची पाळी माझी होती, आणि दिला त्यांनी.

लक्ष्मीनगरच्या एका डॉक्टरांकडे मी त्यांना घेऊन गेले. बऱ्याच तपासण्या झाल्या. डॉक्टर भला माणूस होता. खुर्ची जवळ ओढून तो म्हणाला, "माताजी, आपके पर्दे में खराबी है." बाई लगेच म्हणाल्या, "पर्दा तो बदल के देखा, डॉक्टरसाब. तीन बार." डॉक्टरला काही कळेना. मला कळलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याबद्दल तो बोलत होता. उजवा डोळा आधीच मधोमध गेला होता आणि डाव्याने ते काम चालवून घेतल्यामुळे बाईंना पत्ता लागला नव्हता. आता डावाही त्याच वाटेवर होता. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. लेझरने थोडं अडवता येईल, गेलेलं परत येणार नाही. "तीन-चार महीने पहले आते तो शायद..." एवढं बोलून तो थांबला.

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं गं आपलं." मला ती म्हण माहीत नव्हती. एका पायरीवर उभं राहून त्यांनी मला समजावून सांगितली. आग लागली होती एकीकडे आणि बंब धावला दुसरीकडेच. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बंबाची काही चूक नसते त्यात. तो धावला तरी." ते 'शायद' मी अजून गिळू शकलेले नाही. आता मी स्वतः चष्म्याच्या वयाची झाले आहे, आणि ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटर लावून देताना उजेड, उंची, अक्षराचा आकार हे सगळं मागाहून बघते. आधी एक चौकड्यांचा कागद त्यांच्यापुढे धरते आणि एकेक डोळा झाकून रेघा सरळ दिसतात का ते विचारते. लोकांना वाटतं, ही बाई विक्षिप्त आहे.

टिपणीसबाईंनी नोकरी सोडली. मराठीच्या खुर्चीत दुसरं कोणीतरी आलं, आणि त्या टेबलाच्या भोकावर रामसरन मिस्त्रींनीच फळी ठोकली. आमच्या चित्र विभागातला एकवीस इंची मॉनिटर त्याच सुमारास मोडीत निघाला. सूदसाहेबांनी तो स्वतः खाली आणून टॅक्सीत ठेवायला मदत केली आणि "टिपनिस जी को मेरा प्रणाम बोलना" म्हणाले. मयूर विहारच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल त्याने अर्धं भरून टाकलं. मी त्याला एक जुना कॉम्प्युटर जोडून पडद्याची जमीन काळी केली, अक्षरं पांढरी आणि ठसठशीत. आकार वाढवत गेले. एका ओळीत दहा अक्षरं राहिली, मग सात, मग चार. चारावर बाई म्हणाल्या, "थांब."

पण वाचायचं कसं, ते त्यांचं त्यांनीच शोधलं. अक्षराकडे थेट पाहिलं की अक्षर गिळलं जायचं. शेजारच्या खिडकीकडे पाहिलं की ते कडेला येऊन उभं राहायचं. तेव्हा बाई खिडकीतून बाहेर बघत बसत आणि पडद्यावरचं वाचत. वन्सं माझ्याकडे तक्रार करत, "अगं, ही समोर बघतच नाही. एवढा मोठा टीव्ही आणलास, हिचं लक्ष सगळं बाहेर." माणसांचंही तेच झालं होतं. पहिल्यांदा त्या माझ्या कानापलीकडे बघून बोलायला लागल्या तेव्हा मी वळून मागे पाहिलं. "कोणी नाही तिथे," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड बघायचं तर आता तुझ्याकडे बघून चालत नाही."

वाचायला काय द्यावं, हा प्रश्न होता. पुस्तकं सुचवली. त्यांनी मान हलवली. "तूच लिही काहीतरी. तुझ्या मराठीत." मग मी दर रविवारी ऑफिसच्या आठवड्याचं वर्तमान टाइप करून फ्लॉपीत घालून नेऊ लागले. कोण भांडलं, कोणती नवी कंपनी आली, कोणाचं लग्न ठरलं. चार-चार अक्षरांनी त्या ते वाचत. एक पान संपायला सकाळ जाई. माझ्या चुका भरपूर असायच्या, हे मला माहीत होतं, पण त्या एकही काढत नसत. एकदा मी विचारलं. त्या म्हणाल्या, "चूक पकडायला आख्खी ओळ दिसावी लागते. चार अक्षरांत नुसता मजकूर कळतो. मी आता लोक वाचतात तसं वाचते." हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. त्यांच्या लेखी ते वाचणं नव्हतंच.

शेवटच्या रविवारी, तो शेवटचा आहे हे कोणाला माहीत होतं, मी लिहून नेलेल्या पानाच्या अखेरीला एक वाक्य होतं: 'सगळ्यांना तुमची आठवण येते.' बाई खिडकीकडे तोंड करून चार-चार अक्षरं उच्चारत तिथवर पोचल्या. थांबल्या. मग पडद्याच्या दिशेने बोट करत म्हणाल्या, "इथे चूक आहे."

मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला ती सापडेना.

"'सगळ्यांना' नाही," त्या म्हणाल्या. "नवीन मुलं मला ओळखतही नाहीत. कोणाला येते ते लिही."

मी खोडलं आणि 'मला' लिहिलं. चार अक्षरांच्या जागेत ते आरामात मावलं. त्यांनी ते वाचलं, "आता बरोबर," म्हणाल्या, आणि वन्संना चहा टाकायला सांगितलं.

पुढच्या रविवारी मी तापाने पडले होते आणि त्यानंतरच्या बुधवारी, सकाळची अंघोळ करून खुर्चीत बसल्या बसल्या, त्या गेल्या. म्हणून त्यांचं जे शेवटचं दर्शन माझ्यापाशी आहे ते त्या दुपारचंच. चहा पिऊन मी खाली उतरले. रिक्षा मिळेपर्यंत फाटकाशी थांबले आणि वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत त्या कठड्याला धरून उभ्या होत्या, अंगात तो पुरुषी स्वेटर. मी हात केला. त्यांचं तोंड मात्र भलतीकडेच होतं, समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे. फाटकावरचा चौकीदार मला समजुतीच्या सुरात म्हणाला, "मैडम, आंटी जी इधर नहीं देख रहीं." बाई टाकीकडे टक लावून होत्या, आणि माझा हात खाली येईपर्यंत त्यांचा हात हलत होता.